लाळेचं गणित

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी बोलताना सापडलं की डायरीत रिमार्क, आणि घरी इंग्लिश बोललं की आजी म्हणायची, ‘आली मडमीण!’ असं दोन्हीकडून मार खाऊन मोठं झालेलं हे मराठी आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय कॅन्सरचा आहे. पान उलटू नका, रडवणार नाही. उलट थोडं गणितच आहे, आणि गणिताला आपल्याकडे कोणी रडत नाही, निदान एम-थ्रीचा निकाल लागेपर्यंत.

सुरुवात मेसपासून. गेल्या आठवड्यात रात्रीच्या पोळ्या नेहमीपेक्षा जास्तच वातड होत्या. ‘पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही यार,’ असं समोरची म्हणाली, आम्ही सगळ्या हसलो, आणि मला एकदम मामा आठवला. कारण माझ्या मामाच्या घशाखाली गेली कित्येक वर्षं कुठलीच पोळी पाण्याशिवाय उतरलेली नाही.

मामा सोलापूरकडचा, एसटीत कंडक्टर. मळलेली तंबाखू कायम गालात. २०१८ मध्ये, मी सातवीत असताना, त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. सात आठवडे रेडिएशन, सोबत केमो. गाठ गेली ती आजतागायत परत आलेली नाही. फाइलवर सगळं छान लिहिलेलं आहे. फाइलवर जे लिहिलेलं नाही ते असं, की मामाच्या तोंडाला लाळ सुटत नाही. खिशात रुमाल असतो तशी त्याच्या हातात पाण्याची बाटली असते. रात्री चार-पाच वेळा उठून घोटघोट पाणी पितो, कारण जीभ टाळूला चिकटते. लाळ नाही म्हणून दात किडले, एकेक करत बरेचसे काढावे लागले. ज्या माणसाने कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर दिवस काढले, त्याला मामी आता आमटीत भाकरी भिजवून, कुस्करून देते. अख्ख्या बसला ऐकू जाईल असं ‘चला, मोहोळवाले उतरा!’ ओरडणारा माणूस लग्नात कोपऱ्यात बसून राहतो, कारण दोन वाक्यं बोललं की तोंड कोरडं पडतं.

हे मी रूममेटला सांगितलं. ती कॉम्प्युटरची, डोक्याने आमच्या सगळ्यांच्या पुढे. ती म्हणाली, ‘अगं, पण जीव वाचला ना? मग लाळेचं काय घेऊन बसलीस?’

हा सगळा लेख त्या एका वाक्याशी माझं भांडण आहे. तिच्याशी नाही, ती चांगली आहे, मला सबमिशनच्या वेळी प्रिंटर देते.

जीव वाचला हे खरंच आहे. त्याबद्दल मी मशीनचेही आभार मानते आणि डॉक्टरांचेही. पण समजा आपल्या सिव्हिलच्या एखाद्याला जुनी पडकी इमारत पाडायचं काम दिलं, आणि त्याने ती पाडताना शेजारचं नांदतं घरही अर्धं खाली आणलं, तर ‘पडकी इमारत पडली ना?’ म्हणून त्याला पैकीच्या पैकी मार्क कोणी देईल का? शेजारचं घर उभं राहणं हा त्या कामाचाच भाग आहे. कॅन्सरच्या बाबतीत मात्र आपण शेजारचं घर मोजतच नाही.

आता थोडं तांत्रिक. रेडिएशनचा डोस ग्रे या एककात मोजतात, एका किलोमागे एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. डोक्या-मानेच्या कॅन्सरला एकूण साधारण ७० ग्रे देतात. गंमत बघा, एवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी जेमतेम एका डिग्रीच्या साठाव्या भागाइतकं तापेल. चहासुद्धा होणार नाही. पण ही ऊर्जा पेशींमधला डीएनए तोडते. निरोगी पेशी ती मोडतोड जरा बऱ्या प्रकारे दुरुस्त करतात, म्हणून सगळा डोस एकदम न देता रोज २ ग्रे असा ३५ दिवस देतात, आठवड्याला पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. आपल्या टाइमटेबलसारखंच.

पण लाळेच्या पेशी या हिशोबात बसत नाहीत. त्या फारच नाजूक निघतात. जेवताना येणारी बरीचशी लाळ ज्या ग्रंथीतून येते तिला पॅरोटिड म्हणतात. मराठी शब्द मला येत नव्हता, आजीला फोन केला तर ती म्हणाली, ‘गालगुंड झाल्यावर सुजते बघ ती जागा.’ म्हणजे कानाच्या खाली, दोन्ही बाजूंना. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की या ग्रंथीला मिळालेला सरासरी डोस साधारण २६ ग्रेच्या आत ठेवला तर लाळ हळूहळू परत येते. त्याच्या वर गेला तर ग्रंथी बहुतेक कायमची आटते.

म्हणजे प्रॉब्लेम स्टेटमेंट असं आहे: गाठीला आणि मानेतल्या गाठींना ७०च्या आसपास, आणि तिथून बोटभर अंतरावरच्या ग्रंथीला २६च्या आत. आमच्या डिपार्टमेंटला असं स्पेसिफिकेशन दिलं तर आधी आम्ही सरांकडे एक्स्टेन्शन मागू.

जुन्या पद्धतीत हे शक्यच नव्हतं. उजवीकडून एक झोत, डावीकडून एक झोत, आणि दोन्ही पॅरोटिड नेमक्या त्या झोतांच्या वाटेत. मामाला मिळालं ते असंच, कोबाल्टच्या मशीनवर. कोबाल्टचा सोर्स दीड-दोन सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे झोताची कडा मुळातच धूसर पडते. ट्यूबलाइटखाली पडलेली सावली कधी नीट बघितलीत? तसं. त्या हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. नवीन पद्धतीसाठी मोठ्या शहरात जायला हवं होतं, तिथे वेटिंग होतं, आणि गाठ वेटिंग लिस्ट पाळत नाही. डॉक्टर म्हणाले, थांबू नका. मामीने नवऱ्याचा जीव निवडला. कोणीही तेच निवडलं असतं. माझं म्हणणं इतकंच, की तिच्यासमोर जीव की लाळ असा प्रश्न येण्याचं कारण शरीरात नव्हतं, यंत्रात होतं.

नवीन पद्धतीला आयएमआरटी म्हणतात. तिची गोष्ट आपल्यासाठी जास्त मजेची आहे, कारण तिच्यात डॉक्टरांइतकीच इंजिनिअर लोकांची वर्दळ आहे. आधी सीटी स्कॅन लागतो. तो आणला गॉडफ्रे हाउन्सफिल्डने, इंग्लंडच्या ईएमआय कंपनीतला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याच्या मशीनवर १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. विद्यापीठाची डिग्री नव्हती हो त्याच्याकडे, डिप्लोमा होता! डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या मुलांना ‘डिप्लोमावाले’ म्हणून चिडवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग १९८०च्या दशकात स्वीडनच्या अँडर्स ब्राहमे या फिजिक्सवाल्याने प्रश्न उलटा केला. तोवर सगळे विचारायचे, झोत असे सोडले तर डोस कुठे किती पडेल? त्याने विचारलं, डोस अमुक ठिकाणी अमुक हवा असेल तर झोत कसे सोडावे लागतील? उत्तर आलं, की झोत सगळीकडे सारखा नको, त्याच्या प्रत्येक तुकड्याची तीव्रता वेगळी हवी. आज हे असं होतं: डॉक्टर सीटीच्या एकेका स्लाइसवर गाठ कुठे, ग्रंथी कुठे, मणक्यातली मज्जारज्जू कुठे हे रेखाटतात. मग कॉम्प्युटरला अटी घालतात, इथे इतका हवाच, तिथे इतक्याच्या वर नको. आणि कॉम्प्युटर एक कॉस्ट फंक्शन मिनिमाइझ करत बसतो. तेच ऑप्टिमायझेशन, जे आपण ‘ऑप्शनला टाकू’ म्हणून सोडून देतो. मशीनच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, प्रत्येक पट्टीला स्वतंत्र मोटर. दुकानाचं शटर उभ्या पट्ट्यांचं असेल आणि प्रत्येक पट्टी वेगवेगळी सरकत असेल तर कसं दिसेल, तसं. त्या पट्ट्या पाच-सात-नऊ दिशांमधून झोताला आकार देतात.

याने खरंच फरक पडतो का? ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर तुलना झाली, २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. एका वर्षानंतर जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं होतं, नव्या पद्धतीत ३८ टक्के. दोन वर्षांनी तर ८३ विरुद्ध २९. आणि कॅन्सर परत येण्यात किंवा जगण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ६० रुग्णांवर अशी तुलना झाली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे तर समोर जुनी पद्धतही नव्हती, मधल्या काळातली सुधारलेली होती, तरी उपचाराच्या दिवसांत लाळग्रंथींचा ठळक त्रास तिच्यात ८९ टक्क्यांना झाला आणि आयएमआरटीत ५९ टक्क्यांना. ५९ हा आकडा काही मिरवण्यासारखा नाही. पण ८९ मधून ५९ वजा केले की उरतात ते कोणाचे तरी मामा आहेत.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर व्हायव्हाला कोणीतरी पकडेल. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात नव्या पद्धतीच्या रुग्णांना उपचाराच्या काळात थकवा जास्त आला, ७४ टक्क्यांना, जुन्यात ४१. का? कारण डोस नाहीसा होत नाही. ग्रंथीवरून तो काढला, तर झोत ज्या नव्या वाटांनी येतात त्या वाटांवर, डोक्याच्या मागच्या भागावर, थोडा थोडा सांडतो. इस्त्री करताना एक सुरकुती दाबली की दुसरीकडे निघते, तसंच काहीसं. पण मला हा नव्या पद्धतीचा पराभव वाटत नाही. पुढच्या अटीचा पत्ता मिळाला असं वाटतं. आधी ग्रंथीची अट घातली. मग लोक म्हणाले, गिळण्याच्या स्नायूंची पण घाला. तीही घालून बघितली, तो अभ्यास २०२३ मध्ये आला, आणि वर्षभरानंतर त्या रुग्णांचं गिळणं खरंच जास्त चांगलं निघालं. यंत्र तुम्ही मागाल तेच वाचवतं. म्हणून मागणारा लागतो. ‘लाळेचं काय घेऊन बसलीस’ म्हणणाऱ्यांनी जग भरलं असतं तर ती अट कोणी कॉम्प्युटरला घातलीच नसती.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. निरोगी भाग वाचवायच्या नादात झोत इतका घट्ट कापला, की गाठीची एखादी कड बाहेरच राहिली, तर सगळं मुसळ केरात. म्हणून काही मिलिमीटरचं मार्जिन ठेवतात. आणि सगळा खेळ मिलिमीटरचा असल्यामुळे रुग्ण हलता कामा नये. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची शीट चेहऱ्यावर बसवून मुखवटा बनवतात आणि तो टेबलाला अडकवतात. मामाचा मुखवटा घरी माळ्यावर आहे. मामी तो टाकत नाही आणि बघतही नाही.

आता आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी. सात आठवड्यांत माणूस वाळतो. गिळता येत नाही म्हणून वजन उतरतं, मुखवटा सैल होतो. ग्रंथी आकसतात आणि आतल्या बाजूला, म्हणजे नेमक्या जास्त डोसच्या दिशेने सरकतात. पहिल्या दिवशी काढलेला सुंदर प्लॅन पाचव्या आठवड्यात वेगळ्याच माणसाला दिला जात असतो. याला आपल्या भाषेत काय म्हणतात? ओपन लूप! सेन्सर नाही, फीडबॅक नाही, पहिल्या दिवशीच्या रीडिंगवर शेवटपर्यंत गाडी. आता नव्या मशीनवरच छोटा सीटी असतो, रोज बघून जागा जुळवता येते, आणि फार फरक पडला तर प्लॅन परत करतात. पण परत करायचा म्हणजे परत सगळं रेखाटायचं, परत तासन्‌तास काम, आणि बाहेर रांग. ती रांग आणि हा लूप, दोन्ही एकाच वेळी सोडवणं हा डॉक्टरांचा प्रश्न नाही, आपला आहे. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण पन्नास वेळा पाण्याच्या टाकीची लेव्हल कंट्रोल केली. एकदा तरी कोणी हे उदाहरण का देत नाही?

मला माहीत आहे, ‘टार्गेटेड थेरपी’ म्हटलं की लोकांना औषधं आठवतात. इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये आली आणि एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरचं चित्र बदललं. २०२३ मध्ये आपल्या देशात नेक्सकार-१९ला मान्यता मिळाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं काम. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना शिकवून परत सोडायच्या. भारीच आहे. पण तीही ज्या खुणेवर नेम धरते ती खूण निरोगी बी-पेशींवरही असते, आणि त्याही मरतात. त्यांच्याशिवाय माणूस सांभाळून जगू शकतो म्हणून ते चालतं. म्हणजे तिथेही प्रश्न तोच, वाचवायचं काय काय आणि ठरवणार कोण.

आणि प्रोटॉन? ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबणारा झोत. रॉबर्ट विल्सन या फिजिसिस्टने ही कल्पना १९४६ मध्ये मांडली, खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात ती २०२३ मध्ये उपचाराला आली. मधली सत्त्याहत्तर वर्षं मोजा आणि मग ठरवा, कल्पना सुचणं अवघड की यंत्र माणसापर्यंत पोचवणं.

माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. मशीन आलं की फीत कापली जाते, पेढे वाटले जातात. ते मशीन लाळग्रंथी वाचवू शकतं का, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे बनतच नाही असंही नाही. भाभाट्रॉन हे कोबाल्ट मशीन बीएआरसीने बनवलं, भारताने ते व्हिएतनामलाही भेट दिलं. मुंबईच्या समीर या संस्थेने बनवलेला लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलात बसला. कोबाल्टला नावं ठेवणंही मला पटत नाही, जिथे वीज भरवशाची नाही तिथे ते चालतं, लिनॅक नखरे करतो. (कोबाल्टचेही नखरे आहेत. त्याची हाफ-लाइफ सव्वापाच वर्षांची, म्हणजे सोर्स बदलला नाही तर तितक्या वर्षांनी प्रत्येक रुग्णाला टेबलावर दुप्पट वेळ झोपावं लागतं.) पण साध्या, दणकट, तालुक्याच्या विजेवर चालणाऱ्या आणि तरीही लाळ वाचवणाऱ्या मशीनची अट कोणीतरी लिहून द्यायला हवी ना? ज्यांच्या घरात कडक भाकरी खातात त्यांनी लिहावी.

रूममेटला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, लेख लांब झालाय, आणि स्लाइसवर ग्रंथी रेखाटायचं काम कॉम्प्युटरकडून करून घेतात का? मी म्हटलं, घ्यायला लागलेत, पण प्रत्येक रेषा डॉक्टरांना तपासावी लागते. तेव्हापासून लॅपटॉप उघडून बसली आहे, अकराच्या पुढे लाइट चालू असल्याबद्दल रेक्टर मॅडमनी कालच टोकलं.

शेवटी विभागप्रमुख सरांना एक विनंती. दर वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण त्याच कोल्ड्रिंकच्या कारखान्यात जातो, बाटल्या भरताना बघतो, एकेक फुकट पितो आणि परत येतो. यंदा कुठल्यातरी रेडिओथेरपी विभागाला पत्र लिहून बघा ना. संध्याकाळी रुग्ण संपल्यावर अर्धा तास त्या टंगस्टनच्या पट्ट्या सरकताना दाखवल्या तरी पुरे. कॉलेजची बस मिळाली नाही तर आम्ही एसटीने येऊ. मामाची डेपोत अजून ओळख आहे.